शांघायहून एका दिवसात सुझोऊ: देवळं, कालवे आणि आईचे शिंगाडे

पायपीट

मागे कुणीतरी इथेच विचारलं होतं की कामासाठी शांघायला चाललोय, एक दिवस मोकळा आहे, कुठे जाऊ? तेव्हा "डोळे झाकून सुझोऊ" एवढं खरडून मी "सविस्तर नंतर लिहिते" म्हटलं होतं. त्याला वर्ष उलटलं. मध्यंतरी आई महिनाभर इकडे शांघायला राहून गेली आणि तिच्याबरोबर परत सुझोऊ झालं. आधी दोनदा बघितलेलं हे गाव मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. म्हणून हा धागा.

आई सत्तरीची, इचलकरंजीची. गुडघे शाबूत आहेत, चालायची सवय आहे, पण म्युझियम म्हटलं की तिला जांभया येतात. "देवळं दाखव आणि पाणी दाखव" एवढीच तिची मागणी. सुझोऊत दोन्हींना तोटा नाही.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा निवडला, तोही मधला वार. पहिल्या आठवड्यात त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा चुकूनही जाऊ नका. पुलावर उभं राहायला जागा मिळत नाही. शांघायहून वेगवान गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, तिकीट चाळीसेक युआन. पासपोर्ट हेच तिकीट. आईला खिडकीची जागा दिली, तिने डबा काढला, थालीपीठ संपतंय तोवर सुझोऊ आलं. "एवढ्यासाठी पहाटे उठवलंस होय!"

पहिलं ठिकाण हानशान मंदिर. स्टेशनवरून टॅक्सी केली. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, लियांग राजवटीत स्थापन झालेलं. हानशान नावाच्या तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) भणंग कवी-भिक्षूवरून नाव पडलं. पिवळ्याधमक भिंती, म्हणजे अगदी जेजुरीची आठवण यावी असा रंग, आणि त्यावर कापराच्या झाडांची सावली. आईने दारातच एक प्रश्न विचारला जो मला दोन खेपांत सुचला नव्हता: "तोंड पश्चिमेला कसं काय गं?"

चिनी देवळं साधारण दक्षिणाभिमुख असतात. हे पश्चिमेला बघतं, कारण पश्चिमेला कालवा आहे. साधासुधा कालवा नव्हे, बीजिंग ते हांगझोऊ जाणारा सुमारे १,८०० किलोमीटरचा महाकालवा. भाविक येणार होडीतून, उतरणार घाटावर, मग दार घाटाकडे नको का? आपल्याकडे नदीकाठच्या देवळांचे घाट पाण्यात उतरतात तसंच. आपण टॅक्सीने येऊन बाजूच्या गल्लीतून शिरतो आणि मग म्हणतो, दर्शनी भाग काही खास नाही!

हे मंदिर चीन-जपानमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे ते चार ओळींच्या एका तांगकालीन कवितेमुळे. कवी झांग ची. चंद्र मावळलाय, कावळे ओरडताहेत, हिव पडलंय, कोळ्यांचे दिवे लुकलुकताहेत, होडीतल्या प्रवाशाला झोप नाही आणि मध्यरात्री हानशानच्या घंटेचा नाद पाण्यावरून त्याच्यापर्यंत येतो. बस, एवढंच. म्हणजे या देवळाची सगळी कीर्ती देवळाबाहेर, पाण्यात बसून ऐकणाऱ्या माणसाने केलेली आहे. आत जाऊन कुणी काय पाहिलं, याचा त्यात उल्लेखच नाही.

घंटा मात्र ती नाही. तांग काळातली केव्हाच हरवली. आत्ताची १९०६ ची. थोडे पैसे भरले की वरच्या मजल्यावर जाऊन वाजवता येते: आडवा टांगलेला लाकडी ओंडका दोरीने मागे ओढायचा आणि सोडायचा. आईने आपल्या सवयीने आधी हात जोडले आणि मग असा काही टोला दिला की मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. नाद लवकर विरत नाही. पायाखालच्या फळीतून तळव्याला जाणवतो.

बाहेर पडून मेपल पूल, म्हणजे फेंगचियाओ, आणि त्याला चिकटून असलेला तिएलिंग दरवाजा पाहिला. समुद्री चाच्यांना अडवायला १५५७ साली बांधलेला. पूल एका कमानीचा, चांगलाच उंच. खालून होडी जायची म्हणून. तिथे पायरीवर बसून आम्ही पलीकडच्या रुंद पात्रातून जाणारे वाळूचे बार्ज मोजले. कालवा नुसता बघण्यापुरता उरलेला नाही, अजून मालवाहतूक करतोय, याचं आईला फार अप्रूप. "म्हणजे चालू आहे अजून," ती म्हणाली, जुना माग चालू आहे म्हणावं तशी.

दुपारचं जेवण शीयुआन मंदिरात. शाकाहारी लोकहो, लिहून ठेवा. देवळाच्या भोजनालयात शाकाहारी नूडल्स मिळतात, वर मशरूम आणि टोफू. भल्यामोठ्या वाडग्यात, कढत. आईने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून वर घातली. शेजारच्या आजीबाईंनी वास घेतला, खूण केली, त्यांनाही घातली. त्यांनी पूर्ण वाडगा संपवून अंगठा दाखवला.

इथलं ५०० अर्हतांचं, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या भिक्षूंचं, दालनही बघा. त्यात जीगोंग नावाच्या अवलिया भिक्षूची मूर्ती आहे: एका बाजूने हसतो, दुसऱ्या बाजूने रडतो, समोरून धड ना हसणं ना रडणं. आई तीन फेऱ्या मारून म्हणाली, "लग्नात मुलीचा बाप असाच दिसतो."

मग वाघटेकडी, म्हणजे हूचिऊ. वरचा विटांचा मनोरा इ.स. ९५९ ते ९६१ मधला, सात मजली, ४७ मीटरचा, आणि ठळक कललेला. पायाखाली एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला भराव, म्हणून खचला. पिसाच्या मनोऱ्याचं काम सुरू झालं ११७३ ला, म्हणजे हा दोनशे वर्षांनी थोरला. १६३८ साली सातवा मजला नव्याने बांधताना गवंड्यांनी तो उलट्या बाजूला जरा झुकवून तोल साधायचा प्रयत्न केला. म्हणून नीट पाहिलं तर मनोरा सरळ रेषेत न कलता किंचित वाकलेला दिसतो. १९८० च्या दशकात पायाभोवती काँक्रीटच्या खांबांचं कडं घालून तो आवरला.

पण आमचा वेळ गेला मनोऱ्याखालच्या दगडांपाशी. पाचव्या शतकात दाओशेंग नावाचा भिक्षू होता. सगळ्यांत बुद्धत्वाचं बीज आहे, अगदी पाप्यातल्या पाप्यातसुद्धा, असं तो म्हणू लागला. तेव्हा चीनमध्ये आलेल्या निर्वाणसूत्राच्या अपुऱ्या भाषांतरात तसं नव्हतं, म्हणून भिक्षुसंघाने त्याला बाहेर काढलं. तो इथे आला आणि ऐकायला माणूस नाही म्हणून दगडांना प्रवचन देत बसला. "पटतंय का?" विचारल्यावर दगडांनी माना डोलावल्या. पुढे धर्मक्षेम या भारतीय भिक्षूने केलेलं मोठं भाषांतर दक्षिणेत पोचलं आणि त्यात दाओशेंग म्हणत होता तेच निघालं!

मी हे सांगितल्यावर आई ज्या दगडाने मान डोलावली म्हणतात त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आळंदीची भिंत, पैठणचा रेडा, आणि हा. जातीबाहेर टाकलं की माणसं ऐकत नाहीत, मग असल्यांनाच ऐकवावं लागतं."

तिथून शानतांग रस्त्यापर्यंत होडी. हा रस्ता आणि शेजारचा कालवा ८२५ साली बाय जूयी या कवीने करवला, तो इथला सुभेदार होता तेव्हा. शेवटी संध्याकाळी पिंगजियांग रस्ता. तिथलं नंतर लिहिते, आत्ता पोळ्या करायच्यात.

---

रिकामटेकडा

पहिला! मस्त लिहिलंय. शेंगदाण्याची चटणी आंतरराष्ट्रीय झाली म्हणायची. फोटो कुठेत?

---

सुंठसाखर

वाचनखूण साठवली. मुलीचा बाप, हे वाचून खुर्चीतून पडले.

एक शंका. चिनी देवळात शिरल्या शिरल्या चार अक्राळविक्राळ मूर्ती असतात आणि त्यांच्यानंतर पाठमोरा एक चिलखतातला देखणा तरुण. तो कोण? हाँगकाँगला पाहिला होता, सांगणारं कुणी नव्हतं.

---

गूसूकर

@सुंठसाखर, तो वेइतुओ. आपला स्कंद, म्हणजे कार्तिकेय! बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला आणि विहाराचा रखवालदार झाला. म्हणून तो मुख्य बुद्धाकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या हातातल्या दंडाकडे बघायचं. दंड खांद्यावर असेल तर या मठात फिरत्या भिक्षूला तीन दिवस मुक्काम, आडवा असेल तर एक दिवस, जमिनीला टेकवलेला असेल तर पुढचं गाव बघा, असा संकेत सांगतात. थोडक्यात, धर्मशाळेची पाटी.

ते चौघे म्हणजे चार दिक्पाल: धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष, वैश्रवण. चौथा म्हणजे आपला कुबेर. पहिल्याच्या हातात पिपा नावाचं तंतुवाद्य असतं, आणि वैश्रवणाकडे छत्री.

मी सुझोऊत सहा वर्षं काढली, औद्योगिक वसाहतीत नोकरी होती. गूसू हे शहराचं जुनं नाव, म्हणून हा आयडी. धागा बघून बरं वाटलं. ताई, उच्चार "सू-जोउ"च्या जवळपास आहे, पण मराठीत सुझोऊच रुळलंय, चालू द्या.

---

नाक_वर

लेख वाचनीय, पण "सहाव्या शतकात स्थापन झालेलं" हे जरा जपून लिहावं. घंटा १९०६ ची. मंदिरसुद्धा १८६० मध्ये ताइपिंग बंडात जळालं आणि नंतर नव्याने बांधलं. आतला पॅगोडा तर १९९० च्या दशकातला आहे! १५०० वर्षं जुनं म्हणून तिकीट लावायचं आणि आत शंभर-सव्वाशे वर्षांचं लाकूड दाखवायचं. पर्यटकांची फसवणूक वाटते.

---

रिकामटेकडा

@नाक_वर, आला का खडा! आमच्या गावच्या हेमाडपंती देवळाला गेल्या वर्षी गुलाबी ऑइलपेंट दिलाय. त्यापेक्षा हे बरं.

---

पायपीट

पोळ्या झाल्या.

@नाक_वर, तारखा बरोबर आहेत तुमच्या. पण तिकडे हे कुणी लपवत नाही. लाकडाचं देऊळ जळतं, परत बांधतात, जागा आणि नाव तेच. आपल्याकडेही जीर्णोद्धार झालेल्या देवळाला कुणी नवं देऊळ म्हणत नाही. आणि हानशानचं तर मूळ भांडवलच घंटेचा आवाज. तो नाद कोणत्या सालच्या धातूतून येतो याने होडीतल्या माणसाला काय फरक पडतो?

गंमत म्हणजे तुमच्यासारखीच शंका अकराव्या शतकात ओउयांग शिऊ नावाच्या बड्या साहित्यिकाने काढली होती. "कविता छान आहे, पण मध्यरात्री कुठे घंटा वाजवतात का?" त्यावर लोकांनी शोध घेऊन दाखवून दिलं की सुझोऊच्या देवळांत मध्यरात्री घंटा वाजवायची पद्धत खरोखर होती. म्हणजे हा धागा नऊशे-हजार वर्षं वर येतोय, तुम्ही फक्त शेवटचा प्रतिसाद दिलात.

---

नाक_वर

हा हा. ओउयांग साहेबांबरोबर बसवलंत, आता काय बोलणार! तरी पण खरं जुनं लाकूड कुठे बघायला मिळेल ते सांगा.

---

गूसूकर

मी सांगतो. शहराच्या मधोमध, ग्वानचियान या खरेदीच्या रस्त्यावर श्वेनमियाओ नावाचं ताओ मंदिर आहे. स्थापना इ.स. २७६. त्याचं सानचिंग दालन ११७९ चं, दक्षिण सोंग काळातलं आहे आणि अजून उभं आहे. नऊ खण रुंदीचं. बाहेर बुटांची दुकानं आणि बबल-टीच्या रांगा, आत आठशे वर्षांचे खांब. मी दर शनिवारी भाजी आणायला जाताना तिथून कट मारायचो आणि पहिले सहा महिने मला पत्ताच नव्हता की आपण कशाखालून जातोय.

दुसरं, दक्षिणेचा पानमेन दरवाजा. गावात शिरायला जमिनीवरचा दरवाजा आणि त्याला लागूनच होड्यांसाठी पाण्यातला दरवाजा, अशी जोडी. आत्ताचं बांधकाम मुख्यतः १३५१ चं. शेजारी रुईग्वांग पॅगोडा आहे. १९७८ मध्ये खेळता खेळता पोरं वर चढली आणि त्यांना तिथे मोत्यांनी मढवलेला एक स्तूप सापडला. तो आता सुझोऊ संग्रहालयात मुख्य आकर्षण आहे. घरी कुणी ओरडलं असेल की नाही कोण जाणे.

---

पाणक्या

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं म्हणून विचारतो. या कालव्यांना पाणी कुठून? गावात झडपा-बिडपा आहेत का? आणि खरं सांगा, वास येतो का?

---

गूसूकर

@पाणक्या काका, शेजारी तायहू हे प्रचंड तळं आहे आणि सगळा मुलूख तळहातासारखा सपाट. पाणी आधीपासून होतंच. शहर वसवणाऱ्यांनी त्याला वळण लावलं, गाळ उपसून शेजारी रस्ता उचलला. इ.स.पू. ५१४ मध्ये वू राज्याचा राजा हेल्यू याने वू झिशू या आपल्या मंत्र्याकडून ही राजधानी आखून घेतली. याच राजाच्या मुलाने, फूचाईने, इ.स.पू. ४८६ मध्ये उत्तरेला यांगत्सेपलीकडे जो कालवा खणायला घेतला तो पुढे महाकालव्याचा सगळ्यात जुना तुकडा ठरला. सैन्य आणि धान्य न्यायचं होतं. मग सुई राजवटीत, ६१० च्या सुमारास, यांगत्सेच्या दक्षिणेचा टप्पा जोडला गेला.

आणि सगळ्यात भारी गोष्ट: १२२९ साली शिळेवर कोरलेला शहराचा नकाशा आहे, पिंगजियांग नकाशा. कालवे, पूल, देवळं, कचेऱ्या, सगळं. तो हातात घेऊन आजच्या पिंगजियांग भागात चालता येतं, इतकं जुळतं. एक रस्ता, त्याला समांतर एक कालवा. बुद्धिबळाचे दोन पट एकावर एक ठेवल्यासारखे. घराचं पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार पाण्यावर.

वासाचं: पाणी हिरवट, पण वास येत नाही. रोज सकाळी एक माणूस होडीतून जाळीने पालापाचोळा काढत फिरतो. मी राहायचो तिथे समोरची बाई अजून पायरीवर बसून फरशीचा बोळा कालव्यात धुवायची.

---

पाणक्या

धन्यवाद. १२२९ चा नकाशा अजून लागू पडतो! आमच्याकडे १९९० चा कालव्याचा नकाशा काढला तर निम्म्या चाऱ्या प्लॉटखाली गेलेल्या. असो. अवांतर झालं.

जाता जाता: युनेस्कोने २०१४ मध्ये महाकालवा यादीत घेतला तेव्हा सुझोऊतला बाओदाई पूलही त्यात घेतला. ५३ कमानींचा, तीनशे मीटरहून लांब, मुळात नवव्या शतकातला. तिथला सुभेदार वांग झोंगशू याने आपला रत्नजडित कमरपट्टा पुलासाठी दिला म्हणून हे नाव. होडी ओढणारे लोक दोर खांद्यावर घेऊन पुलावरून चालत जायचे. म्हणून पूल बुटका आणि सपाट, दोर अडकू नये म्हणून कठडा नाही, फक्त तीन कमानी उंच, मोठ्या होड्यांसाठी. स्थापत्य काय असतं ते या पुलाकडे बघून पोरांना शिकवावं.

---

चिंचगुळ

शीर्षकात शिंगाडे म्हणून उघडला धागा. अजून शिंगाडे आलेच नाहीत! फसवणूक ती ही. @नाक_वर, इकडे लक्ष द्या.

---

पायपीट

आले आले. पिंगजियांग रस्ता राहिला होता तो लिहिते.

हा दीडेक किलोमीटरचा रस्ता. मुख्य रस्त्यावर गर्दी आणि तीच ती पंख्यांची, रेशमी रुमालांची दुकानं. त्यावर वेळ घालवू नका. पुलावरून पलीकडे गेलात आणि एखाद्या बारक्या बोळात शिरलात की गाव सुरू. कालव्याच्या दगडी बांधात ठिकठिकाणी होडी बांधायची भोकं कोरलेली दिसतात. नुसतं भोक नाही, कुठे फुलदाणीचा आकार, कुठे अजून काही. दोर घासून घासून कडा गुळगुळीत झाल्यात. आईने एकात बोट घालून पाहिलं.

ऑक्टोबरात ओस्मॅन्थस फुलतो, त्यांचा ग्वेहुआ. फुलं दिसतच नाहीत, मोहरीएवढी, पण वळणावर अचानक वास येतो, पिकल्या जर्दाळूसारखा. आणि बोळात घरासमोर लाकडी पाटावर बायका बसलेल्या असतात, समोर टोपलीत तपकिरी गोळे. त्या जीतोउमी सोलत असतात. अंगठ्यावर धातूची नखी चढवलेली, टच्कन कवच फोडायचं, आतून वाटाण्याएवढा दुधाळ दाणा. दिवसभर तेच.

मी कौतुकाने आईला सांगायला गेले की ही इथली खास पाणवनस्पती हं, तर तिने एक कवच उचलून उलटंपालटं केलं. "मखाणा आहे हा." मी म्हटलं, छे, मखाणा लाह्यांसारखा असतो. "अगं तो वाळवून भाजून फोडलेला. ओला असाच असणार." घरी येऊन शोधलं. युरियाली फेरॉक्स, एकच झाड! तिकडे बिहारमध्ये वाळवून लाह्या करतात, इकडे ओला खातात. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, थोडी साखर, वर ओस्मॅन्थसची फुलं. मऊ पण दाताला किंचित चिवट. बेताचं गोड.

शेजारच्या टोपलीत शिंगाडे. ते तर तिने लांबूनच ओळखले. मग काय, ती त्या बाईच्या शेजारी पाटावर बसलीच. भाषेचा संबंध नाही. त्या बाईने स्वतःची दुसरी नखी काढून आईच्या अंगठ्यात घातली आणि दाखवलं: मध्यावर नाही, टोकाच्या जरा खाली दाबायचं. मध्यावर दाबलं तर दाणा चिरडतो. आईचे पहिले चार-पाच चिरडले. ते बाईने आईलाच खायला लावले. अर्धा तास दोघी मान खाली घालून सोलत होत्या आणि मी समोरच्या पुलाच्या पायरीवर बसून होते. शेजारून वल्हवलेली होडी गेली. वल्हवणारी बाई मागे उभी राहून एकच लांब, वाकडं वल्हं नागमोडी हलवते. ते पाण्याबाहेर काढतच नाहीत, आणि मुठीला बांधलेला दोर होडीच्या तळाला अडकवलेला असतो. म्हणून छपछप आवाज नाही. होडी येते, जाते, फक्त तिचं गाणं ऐकू येतं.

माझ्या यादीत अजून बेइसी पॅगोडा होता. राहिला तो राहिलाच.

---

चिंचगुळ

आता मुख्य प्रश्न. ओला मखाणा उपासाला चालतो का?

---

सुंठसाखर

शिंगाडा चालतो, मखाणा चालतो, मग ओल्याने काय घोडं मारलंय? फक्त साखरेऐवजी गूळ घाला.

---

नाक_वर

माझ्या आजीच्या मते टोमॅटो चालत नाही कारण तो परदेशी, पण साबुदाणा चालतो. तेव्हा शास्त्र विचारू नका, खा.

---

एक_आड_एक

माफ करा, पण सुझोऊला जाऊन एकही उद्यान बघितलं नाही? १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. १५०९ मध्ये सुरुवात झालेली झुओझेंग बाग म्हणजे चिनी उद्यानांचा कळस. हे म्हणजे आग्र्याला जाऊन पेठा खाऊन परत आल्यासारखं.

---

पायपीट

@एक_आड_एक, आधीच्या खेपेला बघितलंय, सुंदर आहे, मान्य. पण आधी बुकिंग, मग रांग, मग खांद्याला खांदा लावून चालणं. एकाच दिवसात देवळं, कालवे आणि बाग करायची तर प्रत्येकाला हात लावून पळावं लागतं. एक तर बाग आणि पिंगजियांग (दोन्ही जवळ आहेत), नाहीतर आम्ही केलं तसं. वाघटेकडी ते शानतांग मात्र होडीनेच जा. रस्त्याने आलात तर मनोरा इमारतींमधून कधी दिसतो कधी नाही. पाण्यावरून मागे वळून पाहिलं की कललेला मनोरा बराच वेळ सोबत राहतो.

---

गूसूकर

बरोबर. शिवाय संध्याकाळी पिंगजियांगवर चहाच्या दुकानात पिंगतान ऐका. एक पुरुष सानशियान हे तीन तारांचं वाद्य घेऊन, एक बाई पिपा घेऊन, सुझोऊच्या बोलीत कथा सांगतात, मध्येच गातात. शब्द कळणार नाहीत, पण कथेकऱ्याने आवाज बदलून सासू उभी केली की कुणालाही कळतं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला तर लगेच.

---

अवकाळी

पुढच्या महिन्यात जातोय, म्हणून व्यवहाराचं विचारतो. नकाशा, पैसे, शाकाहार, गाडी. कुठे फसायची शक्यता?

---

पायपीट

नकाशा: गूगलवर विसंबू नका. गाओदेचं अ‍ॅप घ्या. पैसे: अलीपेला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड भारतातूनच जोडून या, तिथे गेल्यावर ओटीपीची बोंब होते. थोडी रोकड ठेवा, सोलणाऱ्या बायका घेतात. शाकाहार: "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी. देवळाबाहेर याचा उपयोग मर्यादित, नूडल्सचं पाणीच मांसाचं असतं. म्हणून जेवण देवळात.

गाडी: इथे मी स्वतः फसले. सुझोऊ नावाचं एक स्टेशन जुन्या गावाला लागून आहे, आणि सुझोऊ उत्तर म्हणून दुसरं बरंच लांब आहे. परतीचं तिकीट काढताना मी वेळ बघितली, नाव नाही. आई नखी लावून सोलत बसली होती तेव्हा सहज उघडून पाहिलं तर गाडी उत्तरेहून! आई शेवटचे चार दाणे सोलल्याशिवाय उठेना. टॅक्सी, पळापळ, आणि गाडी गेली ती गेलीच. नवं तिकीट काढलं, पाऊण तास फलाटावर. आई निवांत. पिशवीत शिंगाडे होते.

तिकीट नाहीच मिळालं तर शांघायची ११ नंबरची मेट्रो ह्वाचियाओला सुझोऊच्या ११ नंबरला जोडलीय, २०२३ पासून. वेळ भरपूर लागतो, पण अडून राहत नाही.

---

पाणक्या

३१ डिसेंबरला हानशानला १०८ टोले देतात म्हणे?

---

गूसूकर

हो काका, १९७९ पासून हा मोठा सोहळा झालाय. जपानहून खास लोक यायचे. १०८ म्हणजे आपल्या जपमाळेचाच हिशेब. माणसाचे १०८ क्लेश, एकेका टोल्याला एकेक सुटतो. २००८ मध्ये तर १०८ टनांची घंटा केलीय शेजारी. मी एकदा गेलो होतो. आत जायला तिकीट मिळालं नाही, म्हणून पुलावर उभा राहिलो. थंडीने बोटं बधिर. पण आवाज पाण्यावरून आला तेव्हा वाटलं, तिकीट मिळालं नाही तेच बरं झालं.

---

अवकाळी

तिकीट काढलं. जाताना-येताना नुसतं "सुझोऊ". तीनदा वाचून घेतलं. शेंगदाण्याची चटणी घेतोय.

---

चिंचगुळ

@पायपीट, पळापळीत त्या बाईची नखी परत दिली ना?

---

पायपीट

दिली होती. तिने परत आईच्या मुठीत कोंबली. आता इचलकरंजीला आहे. आई पावटे सोलते त्याने. सैल होते म्हणून आत कापूस घातलाय.